कसरती उड्डाणासाठी छोटे आणि स्वस्त आरसी विमान निवडताना

छोट्या आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटने उडवायच्या, विमानांच्या खोक्यांवर हल्ली ‘एका बटणात कसरत’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. बटण दाबून रिमोटची स्टिक डावीकडे लोटली की विमान डावीकडे रोल घेते, म्हणजे स्वतःच्या लांबीभोवती पूर्ण गिरकी घेते, मागे ओढली की लूप मारते, म्हणजे हवेत उभा गोल काढते, आणि लगेच आपणहून सरळ होते. पाहणाऱ्यांना हा प्रकार आवडतो आणि लहान मुलांना तर फारच आवडतो. पण ज्याला कसरती उड्डाण खरोखर शिकायचे आहे त्याच्या दृष्टीने या बटणाची किंमत शून्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कसरत विमानातले सर्किट करत असते आणि आपण केवळ तिची आज्ञा देतो. रोल अर्धा झाला आणि विमान पालथे पडले की नाक खाली जाऊ लागते, त्या क्षणी एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारे शेपटीचे आडवे पाते, किंचित पुढे द्यावा लागतो आणि विमान सरळ होत येईल तसतसा तो सोडून द्यावा लागतो. हे बोटांना कळणे म्हणजेच रोल शिकणे, आणि बटणाने नेमके तेच हिरावून घेतलेले असते.

म्हणून विमान निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो की, हातांनी दिलेली आज्ञा हे विमान जशीच्या तशी पाळते का. कमी किमतीच्या मर्यादेत या प्रश्नाचे चांगले उत्तर देणारी विमाने आहेत, फक्त ती ओळखण्यासाठी चित्र आणि रंगसंगती बाजूला ठेवून काही साध्या गोष्टी तपासाव्या लागतात. पुढचे सगळे लिखाण ज्यांना साधे विमान उडवता, वळवता आणि सुखरूप उतरवता येते त्यांच्यासाठी आहे. विमानाचा आकार मी साधारण ४०० ते ५५० मिलिमीटर पंखविस्ताराचा आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असे गृहीत धरले आहे.

सर्वांत आधी वजन पाहावे. या आकारात वजनाइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही गोष्टीचा होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट खरेदी करताना सर्वांत कमी विचारली जाते. ४५० मिलिमीटर लांब आणि सरासरी १२० मिलिमीटर रुंद असा पंख घेतला तर त्याचे क्षेत्रफळ ५.४ चौरस डेसिमीटर भरते. त्या पंखावर ४५ ग्रॅमचे विमान बसवले तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साधारण ८ ग्रॅम भार येतो, आणि ९० ग्रॅमचे बसवले तर साधारण १७ ग्रॅम येतो. भार दुप्पट झाला की विमान हवेत तरून राहण्यासाठी लागणारा किमान वेग दुपटीच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटीने वाढतो. ढोबळमानाने हलके विमान ताशी १४ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होईल, म्हणजे उचल गमावून खाली येऊ लागेल, तर जड विमान ताशी २० किलोमीटरलाच. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण छोट्याशा मैदानात विमान आपल्याकडे वळवून आणताना विचार करायला मिळणारा वेळ याच फरकातून येतो.

आपटण्याचे गणितही इथेच आहे. वजन निम्मे आणि वेगही कमी, त्यामुळे त्या हलक्या विमानाची जमिनीवर आदळतानाची ऊर्जा जड विमानाच्या जवळजवळ चौथा हिस्सा राहते. कसरती शिकताना विमान आपटणारच, त्याला इलाज नाही. हलके विमान गवतात नाक खुपसून पडते, प्रोपेलर सरळ करून पुन्हा उडते. त्याच आकाराच्या जड विमानाचे मोटर बसवलेले नाक त्याच अपघातात मुळातून उखडते. म्हणून दोन विमाने सारख्या आकाराची आणि सारख्या किमतीची असतील तर मी हलके विमान घेतो, मग दुसऱ्याला चाके असोत, दिवे असोत किंवा वैमानिकाचा पुतळा असो.

हलकेपणाची एक किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती वारा वसूल करतो. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या विमानाला झुळूकही ढकलते. झाडांची पाने सतत हलत असतील तर त्या दिवशी नेमका रोल किंवा स्टॉल टर्न (सरळ वर चढून वेग संपत आला की कुशीवर वळून खाली येणे) घोटण्याचा आग्रह धरू नये. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास हाच अशा विमानांचा खरा वेळ असतो. ज्यांना फक्त दुपारी उडवायला मिळते किंवा ज्यांचे मैदान उघड्या माळावर आहे, त्यांनी ८० ते १०० ग्रॅमच्या गटातले, पण ताकदवान मोटरचे विमान घ्यावे. एखादे प्रशस्त बंदिस्त सभागृह उपलब्ध असणाऱ्यांना मात्र हलकेपणाची हद्द किती गाठता येते हे पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचा, म्हणजे एफएआयचा, एफ३पी नावाचा बंदिस्त जागेतील कसरतींचा स्पर्धाप्रकार आहे. त्यातली विमाने आपल्या मायक्रो विमानांपेक्षा आकाराने बरीच मोठी असूनही शंभर ग्रॅमच्या पुष्कळ खाली वजन राखतात. पातळ फोमचे सपाट तक्ते आणि त्यांना ताण देणाऱ्या कार्बनच्या बारीक काड्या एवढ्यावर ती उभी असतात, आणि संगीताच्या तालावर त्यांना हॉवर करताना, म्हणजे नाक वर धरून एका जागी लटकताना, पाहिले की वजनाबद्दलचे हे सगळे बोलणे डोळ्यांसमोर उभे राहते.

वजनानंतर आकार. स्वस्त मायक्रो विमानांत दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती सर्वांत जास्त दिसतात. व्होलांटेक्सची ४०० मिलिमीटर पंखविस्ताराची मस्टँगसारखी विमाने याचे परिचित उदाहरण आहे. ती देखणी असतात, चार चॅनेलची, म्हणजे चार वेगळ्या आज्ञा घेणारी, असतात आणि पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांच्या, म्हणजे एलेरॉनच्या, साहाय्याने रोलही घेतात. तरीही त्यांचे पंख अरुंद असतात, टोकांकडे निमुळते होत जातात आणि समोरून पाहिल्यास किंचित वर उचललेले दिसतात. या उचलेमुळे विमान आपोआप सरळ होऊ पाहते. नवशिक्याला याची मदत होते, पण पालथे उडताना तीच प्रवृत्ती विमानाला पुन्हा सुलटे करायला धडपडते आणि नाइफ एजमध्ये, म्हणजे एक पंख आकाशाकडे व दुसरा जमिनीकडे धरून कुशीवर उडताना, रडर (शेपटीचा उभा, हलता भाग) दिला की रोलही सुरू होतो. शिवाय रडर आणि शेपटीची उभी पाती लहान असल्याने कुशीवर उडताना विमानाला तोलून धरणारे फारसे काही उरत नाही. एकदा घिरट्या घेणे जमले की पुढची पायरी म्हणून ही विमाने चांगलीच आहेत. पण लूप आणि रोलच्या पुढे ज्याला जायचे आहे त्याला ती लवकर अपुरी पडतात.

कसरतीच्या विमानाची बांधणी वेगळी दिसते. पंख सरळ असतो, धडाच्या मध्याजवळ बसवलेला असतो आणि त्याचा छेद वरून-खालून सारखा किंवा सरळ सपाटच असतो, त्यामुळे विमानाला सुलटे काय आणि पालथे काय, दोन्ही सारखेच. धडाची बाजू उंच असते, कारण कुशीवर उडताना धड हाच पंख होतो. एलेरॉन जवळजवळ पूर्ण पंखभर पसरलेले असतात आणि एलेव्हेटर व रडर इतके मोठे असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते बेढब वाटावेत. एक्स्ट्रा ३००, एज ५४०, याक ५४, सुखोई २६ या खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृती म्हणूनच जास्त उपयोगी ठरतात, कारण मूळ विमानांचीच रचना या हेतूने झालेली आहे. या छोट्या आकारात आणि वेगात हवेचे वागणे असे असते की साधा सपाट पंखही उत्तम काम देतो. नक्षीदार, जाड छेदाच्या पंखासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. तीन चॅनेलच्या, एलेरॉन नसलेल्या विमानाच्या जाहिरातीत ‘कसरत’ हा शब्द दिसला तर तिकडे दुर्लक्ष करावे. रडरने ओढूनताणून घेतलेली गोल गिरकी हा खरा रोल नव्हे.

आता ताकद. इथे स्वस्त आणि अतिस्वस्त यांच्यातली खरी रेघ आखली जाते. सर्वांत कमी किमतीच्या विमानांत ब्रश असलेली बारीक कोअरलेस मोटर असते, बहुधा ८.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० मिलिमीटर लांबीची, आणि ती एका सेलच्या बॅटरीवर चालते. नवी असताना ती गोड चालते. पण तिचे ब्रश झिजत जातात, ती तापते, आणि काही तासांच्या वापरानंतर पूर्वी सहज होणारा लूप वरच्या टोकाला जाऊन रेंगाळू लागतो. ब्रशलेस मोटर महाग असते, तिला स्वतंत्र स्पीड कंट्रोलर लागतो, पण तिच्यात झिजणारे ब्रशच नसतात आणि त्याच वजनात ती कितीतरी जास्त जोर देते. एक्सके ए४३० हे ४३० मिलिमीटर पंखविस्ताराचे, ब्रशलेस मोटरचे आणि दोन सेलच्या बॅटरीवर चालणारे विमान या गटातले ठळक नाव आहे. असे विमान घेण्याइतके पैसे एकदम जमत नसतील तर मी थोडे थांबण्याचा सल्ला देईन. कसरती उड्डाणात ब्रशलेस मोटर ही चैन नव्हे, गरज आहे.

ताकद तपासण्याची एक साधी रीत आहे. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर विमान शेपटीवर उभे करावे, नाक आकाशाकडे. धड दोन बोटांत अगदी हलकेच, फक्त ते आडवे पडू नये इतपत धरावे आणि चेहरा व दुसरा हात प्रोपेलरपासून दूर ठेवून थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेला जोर, हळूहळू वाढवावा. काट्यावरचा आकडा उतरत जातो. तो शून्यावर येतो तेव्हा मोटरचा जोर विमानाच्या वजनाइतका झालेला असतो. थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा पुढे असतानाच शून्य आले तर विमान प्रोपेलरवर लटकून हॉवर करू शकेल आणि वर निसटून जायलाही जोर शिल्लक राहील. पूर्ण थ्रॉटल देऊनही शून्य आले नाही, तर हॉवर विसरावा, तरी लूप, रोल, इमेलमन (अर्धा लूप आणि वर अर्धा रोल) आणि पालथे उड्डाण यांना तेवढा जोर पुरतो. हीच चाचणी दोन-तीन मिनिटे उडवून आल्यावर पुन्हा करावी, कारण पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सगळ्याच विमानांना शूर बनवते.

जायरो, म्हणजे विमानाची हालचाल ओळखून पृष्ठभाग आपोआप हलवणारे सर्किट, याविषयी टोकाची मते ऐकू येतात. माझे मत असे की जायरो असावा, पण त्याची लगाम आपल्या हातात असावी. या विमानांतले जायरो साधारण दोन तऱ्हांनी काम करतात. पहिल्या तऱ्हेत ते फक्त अचानक बसणारे हेलकावे दाबतात. वाऱ्याने पंख उचलला की क्षणात एलेरॉन विरुद्ध दिशेने हलतो, पण विमान कोणत्या स्थितीत असावे हे ते ठरवत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत स्टिक सोडली की विमान स्वतःहून समपातळीवर येते आणि ठरावीक कोनापेक्षा जास्त कलू देत नाही. एक्सकेच्या विमानांत हे दोन प्रकार ३डी आणि ६जी अशा नावांनी असतात. ई-फ्लाइटच्या यूएमएक्स मालिकेत पहिल्याला एएस३एक्स आणि दुसऱ्याला सेफ म्हणतात. कसरतींसाठी पहिला प्रकार चालतो, इतकेच नव्हे तर पन्नास ग्रॅमच्या विमानाला तो मोठ्या विमानाचा ठाशीवपणा देतो. दुसरा प्रकार रिमोटवरच्या खटक्याने उडतानाच बंद करता आला पाहिजे. ही सोय नसेल तर ते विमान कसरतीचे नाही, खोक्यावर काहीही लिहिलेले असो. खटका असेल तर मात्र तोच संकटकाळी तारतो, कारण पालथे उडताना दिशाभ्रम झाला की खटका ओढायचा, विमान सरळ होते, आणि पुरेशी उंची असेल तर वाचते.

सर्वो (पृष्ठभाग हलवणारी छोटी यंत्रे) आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) यांबाबत एवढेच पाहावे की ते एकाच पट्टीवर जोडलेले आहेत की सुटे आहेत. एकाच पट्टीवर सर्व काही असेल तर वजन वाचते, पण एक सर्वो गेला की बहुधा पूर्ण पट्टी बदलावी लागते, आणि ती विमानाच्या किमतीचा मोठा भाग असते. अशा पट्टीवरचे सरळ रेषेत सरकणारे सर्वो थरथरू लागले तर अनेकदा त्यांच्या कार्बनच्या मार्गावर धूळ बसलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने तो मार्ग पुसला की ते पुन्हा शांत होतात.

फोम कोणता आहे हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. ईपीपी वाकते, दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, म्हणून शिकणाऱ्यासाठी तेच सर्वोत्तम. ईपीओ त्याहून गुळगुळीत व घट्ट असते, तुटते, पण सहज चिकटते. डेपरॉन हलके आणि ताठ असते, मात्र ते कडकन मोडते आणि साधा सुपरग्लू लावला तर विरघळते. त्याला फोमसाठीचाच गोंद लागतो. विमान घेण्याआधी त्याचे सुटे भाग वेगळे विकत मिळतात का हेही पाहावे. प्रोपेलर, मोटर, पंखांची जोडी आणि नाकाचा भाग या चार गोष्टी मिळत असतील तर त्या विमानाला भविष्य आहे. हे भाग मिळत नसतील तर कितीही स्वस्त विमान महागच पडते, आणि म्हणून मी विमानाच्या किमतीत दोन-तीन प्रोपेलर आणि एका मोटरची किंमत आधीच धरतो.

रिमोटवर थोडे थांबायला हवे. विमानासोबत येणारा छोटा रिमोट बहुतेक वेळा सरळ उडण्यापुरता असतो. त्याच्या स्टिक आखूड असतात, आणि एक्स्पो किंवा ड्युअल रेट (पृष्ठभाग जास्तीत जास्त किती वळावेत याची मर्यादा) बदलण्याची सोय नसते किंवा नावापुरती असते. कसरतीच्या विमानाचे पृष्ठभाग ३५ ते ४५ अंशांपर्यंत वळतात, त्यामुळे स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारा एक्स्पो नसेल तर विमान सरळ रेषेत ठेवणेही अवघड होते. म्हणून शक्य असेल तर विमान रिमोटशिवाय घ्यावे आणि वाचलेले पैसे पुढची अनेक वर्षे वापरता येईल अशा एका चांगल्या रिमोटमध्ये घालावेत. रेडिओमास्टरसारख्या कंपन्यांचे मल्टिप्रोटोकॉल रिमोट डीएसएमएक्स, एस-एफएचएसएस, एएफएचडीएस २ए अशा निरनिराळ्या पद्धतींनी बोलू शकतात, त्यामुळे पुढचे विमान कोणत्या कंपनीचे घ्यायचे याचे बंधन राहत नाही. विमानाचा रिसीव्हर यांपैकी नेमकी कोणती पद्धत मानतो हे मात्र पैसे देण्यापूर्वी खात्रीने विचारून घ्यावे. असा रिमोट यूएसबीने संगणकाला जोडून पिकासिमसारख्या मोफत सिम्युलेटरवर सरावही करता येतो. पालथे उड्डाण तर सिम्युलेटरवरच पक्के करावे, कारण तेव्हा एलेव्हेटरची आज्ञा उलटी होते आणि घाबरलेला हात नेमकी स्टिक मागे ओढून विमान जमिनीत घालतो.

बॅटरी घेताना मोठी क्षमता घेण्याचा मोह टाळावा. दोन सेलच्या ३०० एमएएचऐवजी ४५० एमएएच घातली तर ८-१० ग्रॅम वजन वाढते, म्हणजे ८० ग्रॅमच्या विमानात दहा टक्के किंवा त्याहून जास्त, आणि ते वजन नाकाकडे किंवा पोटात कुठे बसते यावर समतोलही बदलतो. त्यापेक्षा त्याच मापाच्या चार बॅटऱ्या घ्याव्यात. पाच-सहा मिनिटांचे एक उड्डाण आणि मग विश्रांती हेच शिकण्याला पोषक आहे. चार्ज १सी वेगाने, म्हणजे ३०० एमएएचसाठी ०.३ अँपिअरने करावा. उतरल्यावर सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असावा आणि काही दिवस उडवायचे नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावा. विमानासोबतचा यूएसबी चार्जर चालतो, पण व्होल्टेज दाखवणारे छोटे यंत्र जोडीला असलेच पाहिजे.

विमान घरी आल्यावर उडवण्याची घाई न करता दोन गोष्टी कराव्यात. बॅटरी बसवून विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलावे. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर यावा. सुरुवातीला तो पुढेच ठेवावा आणि सराव वाढेल तसा बॅटरी दोन-दोन मिलिमीटर मागे सरकवत न्यावी. पालथे उडताना एलेव्हेटर जवळजवळ द्यावा लागत नाही, अशी जागा सापडली की तिथे खूण करून ठेवावी. दुसरी गोष्ट जायरोची. मोटर बंद राहील याची खात्री करून विमान हातात धरावे आणि झटकन उजवीकडे कलवावे. त्या क्षणी उजवा एलेरॉन खाली आणि डावा वर गेला पाहिजे. नाक झटकन खाली केले तर एलेव्हेटर वर गेला पाहिजे, आणि नाक डावीकडे फिरवले तर रडर उजवीकडे वळला पाहिजे. यातले एकही उलटे होत असेल तर जायरोची दिशा बदलल्याशिवाय विमान हातातून सोडू नये, कारण उलटा जायरो प्रत्येक हेलकावा वाढवत नेतो आणि तो सावरायला पहिल्या उड्डाणात वेळच मिळत नाही.